निरंक

रेल्वेच्या प्रवासात हा अनुभव प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आलेला असतो. गाडी भरधाव चाललेली असते, डब्यात कुठे पत्त्यांचा डाव तर कुठे डुलकी रंगात आलेली असते, आणि कोणतेही स्थानक जवळ नसताना गाडीचा वेग एकाएकी उतरतो. डब्यातला कोणीतरी जाणकार 'सिग्नल मिळाला नसेल' असे जाहीर करतो आणि बाकीचे ते मान्य करतात. पण गाडी थांबत नाही. बैलगाडीच्या चालीने सरकत राहते. खिडकीबाहेर लक्ष असेल तर रुळालगत एक पिवळी त्रिकोणी पाटी दिसते, तिच्यावर काळ्या रंगात नुसता एक आकडा. मग ताज्या खडीचे ढीग, बाजूला काढून ठेवलेले स्लीपर, हातातले काम थांबवून गाडीकडे पाहत उभी असलेली माणसे. आणखी काही अंतरावर एक पिवळी गोल चकती मागे पडते आणि गाडी पुन्हा वेग घेते. सिग्नलचा या सगळ्याशी काही संबंध नसतो.

ही तात्पुरती वेगमर्यादा. रेल्वेची माणसे तिला 'कॉशन' म्हणतात. रुळाखालची खडी चाळून पुन्हा भरली, स्लीपर बदलले, एखाद्या पुलाचे काम काढले की मार्गाचा तो तुकडा काही दिवस कच्चा असतो. त्यावरून गाड्या गेल्याशिवाय खडी नीट बसत नाही आणि खडी बसल्याशिवाय गाड्या वेगाने नेता येत नाहीत; म्हणून आधी ताशी २० किलोमीटर, मग ४५, मग ७५ असा वेग पायरीपायरीने वाढवीत नेतात. वळणावरची किंवा घाटातली कायमची वेगमर्यादा ड्रायव्हरला पाठ असते, कारण वळण जागचे हलत नाही. तात्पुरती मर्यादा मात्र मागच्या आठवड्यात नव्हती आणि पुढच्या आठवड्यात कदाचित नसेल. ती पाठ करून उपयोग नसतो, दर खेपेला नव्याने वाचावी लागते.

आम्हा साहित्याच्या मंडळींना या विषयात रस वाटावा याचे कारण हे 'वाचणे' आहे. कोणीतरी एका ठिकाणी, एका वेळी काही लिहून ठेवतो. दुसरा कोणी, त्याला कधीही न भेटलेला, ते वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी, बहुधा अंधारात, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाताना वाचतो. त्याने काय वाचले, काय वाचायचे राहिले आणि जे लिहिलेच नव्हते त्याचा त्याने काय अर्थ लावला, यावर मागच्या डब्यांतल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. या वाचनाचा इतिहास शोधायचा तर आधी इंग्लंडात जावे लागते, कारण रुळांबरोबर रुळांचे नियमही आपल्याकडे तिथूनच आले. योगायोग असा की त्या इतिहासाच्या आरंभीच एक कादंबरीकार डब्यात बसलेला आढळतो.

९ जून १८६५. फोकस्टनहून लंडनला निघालेली बोटीची गाडी केंट परगण्यातल्या स्टेपलहर्स्ट गावाजवळ आली होती. वाटेत बेल्ट नावाच्या एका लहानशा नदीवर पूल होता आणि त्यावरच्या रुळाखालचे लाकडी ओंडके बदलण्याचे काम चालू होते. गाड्यांच्या मधल्या वेळात रूळ काढायचे, ओंडका बदलायचा, पुढची गाडी यायच्या आत रूळ परत बसवायचे, अशी पद्धत. बोटीच्या गाडीची वेळ मात्र रोज बदले. बोट भरतीवर अवलंबून आणि गाडी बोटीवर. कामावरचा मुकादम बेंज याने वेळापत्रकात पाहिले ते दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात. त्याच्या समजुतीप्रमाणे गाडी ५ वाजून २० मिनिटांनी यायची होती. ती ३ वाजून १३ मिनिटांनी आली, तेव्हा पुलावरचे दोन रूळ जागेवर नव्हते.

तरीही एक उपाय होता. कामाच्या जागेपासून १००० यार्डांवर लाल बावटा घेऊन एक माणूस उभा करायचा, असा नियम होता, आणि माणूस उभा केलेलाही होता. पण त्याने अंतर मोजले ते तारायंत्राच्या खांबांवरून. दहा खांब म्हणजे हजार यार्ड, हा नेहमीचा हिशेब; त्या पट्ट्यात खांब नेहमीपेक्षा जवळजवळ रोवलेले होते. बावटा प्रत्यक्षात ५५४ यार्डांवर फडकला. ताशी ५० मैलांच्या वेगाने ते अंतर काटायला तेवीसएक सेकंद लागतात. त्या काळी गाडीच्या सर्व डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. ड्रायव्हरने शिटी वाजवायची, ती ऐकून गार्डांनी आपापल्या डब्यातले ब्रेक आवळायचे. ड्रायव्हरने बावटा पाहिला, त्याचा अर्थ बरोबर लावला, करायचे ते सगळे केले. पहिल्या वर्गाचे डबे नदीच्या चिखलात कोसळले. १० माणसे मेली, ४० जखमी झाली. मुकादमाला नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुलाच्या कडेला लटकत राहिलेल्या डब्यात चार्ल्स डिकन्स होता. त्याच्यासोबत एलन टर्नन आणि तिची आई होती, आणि 'अवर म्यूचुअल फ्रेंड'च्या पुढच्या हप्त्याचे हस्तलिखित होते. तो खिडकीतून बाहेर पडला, सोबतच्या दोघींना बाहेर काढले, आपल्या उंच टोपीत नदीचे पाणी भरून जखमींना पाजत फिरला. मग एकाएकी आठवण होऊन लटकत्या डब्यात पुन्हा शिरला आणि हस्तलिखित घेऊन आला. (ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी हसतात. लिहिणाऱ्यांना मात्र ती पटते.) कादंबरीच्या ताज्या कलमात त्याने या अपघाताचा उल्लेख केला. उरलेल्या आयुष्यात त्याला आगगाडीची धास्ती वाटत राहिली. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, तो वारला.

अपघातानंतर दीड वर्षाने, १८६६च्या नाताळ अंकात, त्याने 'द सिग्नलमॅन' ही कथा लिहिली. भुताची कथा म्हणून ती इंग्रजीच्या अभ्यासक्रमांतून वर्षानुवर्षे शिकवली जाते. स्टेपलहर्स्टचा संदर्भ सांगून शिक्षक पुढे जातात. आम्हाला वाटते की तिथे थोडे थांबायला हवे. खोल कापणीत, बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नलमॅन एकटा राहतो. त्याला एक आकृती दिसते. ती हाताने खुणा करते, सावध करते. पूर्वी दोनदा ती दिसली आणि दोन्ही वेळा मागाहून मृत्यू आला. आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे. त्या माणसाला भुताची भीती वाटते असे सहज म्हटले जाते. पण कथा नीट वाचली तर त्याची यातना निराळी आहे असे दिसते. धोका आहे हे त्याला कळले आहे, पण कोठे आहे, कसला आहे, काय करायचे आहे, हे कळलेले नाही. तारेने 'धोका' एवढे कळवले तर पलीकडून विचारणा होईल: कसला? कुठे? आणि त्याच्याजवळ उत्तर नाही. उत्तर नसताना गाड्या थांबवल्या तर नोकरी जाईल, लोक वेड्यात काढतील. ती सूचना खरी आहे आणि तरीही निरुपयोगी आहे, कारण तिला स्थळ नाही, परिमाण नाही, शेवट नाही.

डिकन्सला रेल्वेचे नियम लिहायचे नव्हते. परंतु पुढच्या शंभर वर्षांत रेल्वेने जे लिहिले ते जणू त्या सिग्नलमॅनच्या प्रश्नांची उत्तरे भरत गेले. ब्रिटनमध्ये दर आठवड्याला ड्रायव्हरांना छापील सूचनापत्र मिळू लागले. कुठून कुठपर्यंत, किती वेगाने, कोणत्या तारखेपासून, हे त्यात रकान्यांत लिहिलेले असे. प्रत्यक्ष जागेवर त्याला जोडून पाट्या आल्या: ब्रेक लावायला पुरेसे अंतर राखून आधी एक इशाऱ्याची, मग मर्यादा सुरू होते तिथे दुसरी, संपते तिथे तिसरी.

एवढे करूनही लिहिलेली सूचना वाचली जाईलच असे नाही, हे २६ ऑक्टोबर १९४७ रोजी नॉर्थम्बरलंडमधल्या गॉसविक येथे दिसले. रविवार होता. रूळदुरुस्तीमुळे एडिंबरोहून येणारी 'फ्लाइंग स्कॉट्समन' मुख्य मार्गावरून बाजूच्या मालगाडीच्या मार्गावर वळवायची होती आणि त्यासाठी वेग अगदी कमी करणे आवश्यक होते. सूचना डेपोत लावलेली होती. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड या तिघांपैकी एकानेही ती वाचलेली नव्हती. शिवाय इंजिनावर एक नौसैनिक पाहुणा होता, नियमाबाहेरचा. २८ माणसे मेली. या अपघाताबद्दल आम्हाला अधिक काही म्हणायचे नाही. न वाचण्याचा दोष सरळ असतो आणि तो कोणालाही कळतो.

अवघड प्रश्न निर्माण झाला तो १९७५ साली, नन्यीटन येथे.

६ जूनची मध्यरात्र उलटून गेली होती. लंडनहून ग्लासगोला जाणारी शयनगाडी इंजिनाच्या बिघाडामुळे तासाहून अधिक उशिराने धावत होती. नन्यीटन स्थानकाच्या परिसरात रुळांची नवी मांडणी चालू होती आणि तिथे ताशी २० मैलांची तात्पुरती मर्यादा होती. सूचनापत्रात ती छापलेली होती. ड्रायव्हरने ती वाचलेली होती, त्याला ती आठवतही होती. आदल्या अपघातांतला कोणताच दोष इथे नाही. मैलभराहून अधिक अंतरावर इशाऱ्याची पाटी होती. रात्री दिसावी म्हणून तिला गॅसचे दिवे होते. त्या रात्री ते विझलेले होते. गॅसची जोडणी नीट झालेली नव्हती.

ड्रायव्हर पाटीची वाट पाहत होता. उजळलेली पाटी यायला हवी होती, ती आली नाही. त्याने अनुमान केले की काम संपले असणार, मर्यादा उठवली असणार. गाडीला उशीर झालेला होताच. त्याने वेग कमी केला नाही. मग पुढे, मर्यादा जिथे सुरू होते तिथली पाटी त्याला दिसली. तिचे दिवे चालू होते. त्याने तत्काळ ब्रेक लावले, पण मधे अंतर उरले नव्हते. गाडी सत्तर मैलांच्या आसपास वेगाने त्या कच्च्या रुळांवर गेली. ६ माणसे मेली, ३८ जखमी झाली.

ड्रायव्हरवर मनुष्यवधाचा खटला झाला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. चौकशीच्या अहवालाने मात्र मुख्य जबाबदारी त्याच्यावरच टाकली. सूचना लेखी होती. ती उठवल्याचे त्याला कोणी कळवले नव्हते. पाटी न दिसणे म्हणजे मर्यादा नसणे असा अर्थ लावण्याचा त्याला अधिकार नव्हता.

इथे आम्हाला आपल्याकडच्या एका जुन्या वादाची आठवण होते. एखादी वस्तू नाही, हे ज्ञान आपल्याला कसे होते? जमिनीवर घडा आहे हे डोळ्यांनी दिसते. पण घडा नाही, हे कोणत्या इंद्रियाने कळते? कुमारिल भट्टांच्या मीमांसेने आणि पुढे अद्वैत्यांनी यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले: वस्तूची उपलब्धी न होणे हेच तिच्या अभावाच्या ज्ञानाचे साधन. प्रभाकरांच्या अनुयायांनी ते नाकारले. पण ज्यांनी ते स्वीकारले त्यांनीही एक कडक अट घातली. नुसती अनुपलब्धी चालणार नाही, ती 'योग्य' हवी. म्हणजे वस्तू तिथे असती तर ती नक्की दिसली असती, अशी सगळी परिस्थिती हजर असायला हवी. भरपूर उजेडात, उघड्या डोळ्यांना घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येईल. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच म्हणता येत नाही.

नन्यीटनचा ड्रायव्हर अंधाऱ्या खोलीत होता आणि आपण उजेडात आहोत असे त्याला वाटत होते. पाटी असती तर दिसली असती, ही त्याची खात्री दिव्यावर उभी होती, आणि तोच विझलेला होता. आम्ही त्याला मूर्ख म्हणू शकत नाही. त्याचे अनुमान रोजच्या अनुभवाला धरून होते: कामे वेळेआधी संपतात, मर्यादा उठतात, पाट्या काढून नेतात आणि सूचनापत्रातली ओळ मात्र आठवडा संपेपर्यंत तशीच राहते. छापलेला मजकूर आणि प्रत्यक्ष रूळ यांत फरक पडला तर कोणावर विश्वास ठेवायचा? अनुभवी माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो. गॉसविकच्या ड्रायव्हरने सूचना वाचली नव्हती. याने ती वाचली होती आणि तिच्या पलीकडचेही वाचले. कवितेतल्या मौनाचा अर्थ लावायला आम्ही वर्गावर्गांतून शिकवतो. न लिहिलेल्या ओळी वाचता येणे हे चांगल्या वाचकाचे लक्षण मानतो. त्या रात्री ते लक्षण घातक ठरले, हे सांगताना आम्हालाही थोडे अवघडल्यासारखे होते.

या अपघातातली आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक अस्वस्थ करते. त्या रात्री आधी तिथून गेलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना दिवे विझलेले दिसले होते. त्यांना मर्यादा ठाऊक होती; ते आपल्या गाड्या सुखरूप घेऊन गेले. मात्र थांबून कोणी कळवले नाही. त्यांनी चुकीचे काही वाचले नाही, पण पाठीमागून येणाऱ्या वाचकाची पाटी कोरी राहिली आहे, हे त्यांनी आपले काम मानले नाही. खटला त्यांच्यावर होण्यासारखे काही नव्हते.

नन्यीटननंतर दोन प्रकारचे उपाय दिसतात. एक यंत्राचा. ब्रिटनच्या रेल्वेत रुळांमध्ये चुंबक बसवण्याची व्यवस्था होती. इंजिन त्यावरून गेले की ड्रायव्हरच्या कानाशी भोंगा वाजे, त्याने दाद दिली नाही तर ब्रेक आपोआप लागत. १९६९च्या मॉरपेथ अपघातानंतर ही व्यवस्था कायमच्या तीव्र वेगमर्यादांकडे नेण्यात आली, पण तात्पुरत्या मर्यादा वगळल्या गेल्या. नन्यीटननंतर त्यांच्या इशाऱ्याच्या पाट्यांजवळही चुंबक ठेवू लागले. हा चुंबक कायमस्वरूपी असतो, त्याला वीज लागत नाही, गॅस लागत नाही. त्यात विझण्यासारखे काही नाही. दाद दिल्यावर ड्रायव्हरच्या समोर एक काळी-पिवळी चकती उमटून राहते, इशारा मिळाला होता याची आठवण म्हणून.

दुसरा उपाय भाषेचा आहे आणि आमच्या मते तो अधिक खोल आहे. छापील सूचनापत्रात जाहीर झालेली मर्यादा काही कारणाने मुदतीआधी उठली, किंवा मुळात लागू झालीच नाही, तर आज ब्रिटिश रेल्वेत तिथे एक पाटी लावतात. तिच्यावर इंग्रजीत 'स्पेट' एवढीच अक्षरे असतात. आधी कळवलेली वेगमर्यादा लवकर संपली, अशा अर्थाच्या वाक्याचे ते आद्याक्षरी रूप आहे. म्हणजे मर्यादा नाही हे सांगायलाही पाटी. ड्रायव्हरने अभाव स्वतः ओळखायचा नाही. अभावही त्याला कोणीतरी लिहून दाखवला पाहिजे.

आपल्याकडे हीच गोष्ट कागदावर आढळते. भारतीय रेल्वेत ड्रायव्हरला, ज्याचे आजचे नाव लोको पायलट, ठरलेल्या स्थानकावर 'कॉशन ऑर्डर' देतात; हिंदीत तिला सतर्कता आदेश म्हणतात. तिचा नमुना क्रमांक टी/४०९. कोणत्या दोन स्थानकांच्या मधे, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, ताशी किती वेगाने, कशासाठी, हे तीत ओळीने लिहिलेले असते. लोको पायलट सही करून ती घेतो, एक प्रत गार्डाला जाते, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. डिकन्सच्या सिग्नलमॅनला जे प्रश्न विचारले जातील अशी भीती होती ते सगळे इथे रकाने होऊन बसले आहेत. स्टेपलहर्स्टला ज्या खांबांनी घात केला तेही या कागदात सुधारून आले आहेत: विजेच्या मार्गावरच्या प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आणि त्या किलोमीटरमधल्या क्रमाचा आकडा रंगवलेला असतो, खांब जवळ असोत की दूर, जागा चुकत नाही.

आणि वाटेत कोणतीही मर्यादा नसेल तर? तर्काने पाहता कागद देण्याचे कारण नाही. पण रेल्वे तेव्हाही कागद देते. त्याचा नमुना वेगळा, टी/ए ४०९, आणि त्याचा मजकूर एवढाच की पुढे कोणतीही विशेष खबरदारी नाही. इंग्रजीत त्याला 'निल कॉशन ऑर्डर' म्हणतात. मराठी कचेऱ्यांत अशा गोष्टीसाठी एक फार नेमका शब्द आहे: निरंक. तालुक्याच्या कार्यालयातून 'माहिती निरंक' असा अहवाल वर जातो तेव्हा आपण हसतो. काही नाही हे कळवायला कागद कशाला, असे म्हणतो. पण माहिती नसणे आणि माहिती आलेली नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कागदच मिळाला नाही तर लोको पायलटने काय समजायचे? मर्यादा नाही? की देणारा विसरला? निरंक आदेश हा संशय मिटवतो. ज्याला आपण नोकरशाहीचा हास्यास्पद सोस समजतो तो इथे योग्य अनुपलब्धीची अट पुरी करतो, खोलीत दिवा लावून ठेवतो. हा नमुना पहिल्यांदा कोणी आखला असेल त्याने मीमांसा वाचली असण्याची शक्यता कमीच. बहुधा एखाद्या रात्री न मिळालेल्या कागदाचा त्याला अनुभव आला असावा.

जागेवरच्या पाट्यांबद्दल थोडे. आपल्याकडे आधी इशाऱ्याची आडवी पिवळी पाटी येते, एका टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच आणि दुसरे टोक बाणासारखे. ब्रॉडगेजवर ती कमीत कमी ८०० मीटर आधी असते. मग कच्च्या तुकड्याच्या थोडे अलीकडे ती त्रिकोणी आकड्याची पाटी. शेवटच्या गोल चकत्या मात्र दोन असतात, एकीवर टी/पी आणि दुसरीवर टी/जी. पहिली प्रवासी गाड्यांसाठी, दुसरी मालगाड्यांसाठी. इंजिन कच्च्या तुकड्यातून बाहेर आले म्हणजे गाडी बाहेर आली असे नव्हे; मागचा शेवटचा डबा अजून तिथेच असतो, आणि मालगाडी लांब म्हणून तिची चकती पुढे. पुढे बसलेल्या माणसाने मागच्या, त्याला न दिसणाऱ्या डब्याच्या हिशेबाने वेग राखायचा. प्रवासाच्या शेवटी डब्यातले लोक 'रस्ता मोकळा आहे, मग पळवत का नाही?' म्हणून चडफडतात तेव्हा बहुधा गाडीची शेपटी खडीवर असते.

इतकी सगळी लिखापढी एका गृहीतावर उभी आहे: धोका कोणालातरी आधी ठाऊक आहे. मुकादमाने रूळ काढले, हे मुकादमाला माहीत असते. पण ज्याची खबर कोणालाच नाही तो धोका कोणत्या रकान्यात लिहायचा? हा प्रश्न आपल्याकडे कोकण रेल्वेने समोर आणला. १९९८ साली मार्ग सलग सुरू झाला. कापण्या आणि बोगदे यांतून जाणारा, सह्याद्रीच्या पायथ्याचा, जांभ्या दगडाचा, पावसात भिजून सैल होणारा प्रदेश. २२ जून २००३च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी वैभववाडीजवळ कापणीत कोसळलेल्या दरडीवर आदळली. ५०हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्ष पुरे होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्सप्रेस करंजाडीजवळ आंबोली येथे रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली आणि डबे पुलावरून खाली गेले. या दोन्ही जागी आधी लिहून देता येईल अशी कोणतीही मर्यादा नव्हती. दगड पडला तो गाडीच्या थोडा वेळ आधी.

त्यानंतरच्या वर्षांत दरडी सैल करून काढणे, जाळ्या बसवणे, कापण्यांचे उतार कमी करणे अशी कामे झाली. पण वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पावसाळी वेळापत्रक. दरवर्षी जूनमध्ये ते लागू होते. गाड्या मुळातच सावकाश धावतील असे वेळ मोजलेले असतात, आणि मुंबई-गोव्याचे प्रवासी दरवर्षी नव्याने त्यावर कुरकुरतात. त्याच्या जोडीला लोको पायलटांना एक सूचना असते: पाऊस जोराचा असेल आणि पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये.

या सूचनेला किलोमीटरचा आकडा नाही. पाटी नाही, त्रिकोण नाही, शेवटची चकती नाही. मर्यादा कुठे सुरू होते ते पाऊस ठरवतो, आणि पावसाने ठरवले की नाही हे इंजिनाच्या काचेमागचा माणूस ठरवतो. नन्यीटनला न दिसण्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावला गेला होता. इथे न दिसणे हीच मर्यादेची खूण केली आहे: काही दिसत नाही, तेव्हा हळू. नन्यीटनचा ड्रायव्हर ही ओळ वाचून काय म्हणाला असता, असे आमच्या मनात येते.

त्याखेरीज पावसाळाभर रात्रंदिवस गस्त असते. धोक्याच्या कापण्यांजवळ पहारेकरी बसवलेले असतात, आणि बाकीच्या मार्गावर रूळ तपासत चालणारी माणसे असतात, अंगावर रेनकोट, जवळ हातदिवा, लाल बावटा आणि रुळावर ठेवून वाजवायचे फटाके. दरड आलेली दिसली की गाडीच्या दिशेने धावत जायचे, ठरलेल्या अंतरावर फटाके लावायचे आणि दिवा दाखवीत उभे राहायचे.